एक माप भुकटी

तिनं काचेच्या ताटलीवर अंडं फोडलं. पांढरं पाण्यासारखं ताटलीच्या कडेपर्यंत पसरलं, बलक मधोमध चपटा बसला.

“बघा,” ती नवऱ्याला म्हणाली. “कुठं पाणी मुरतंय ते तुमच्या भावाला विचारा.”

नवऱ्यानं ताटली बाजूला सरकवली.

कोंबड्यांचं खाद्य कालवायचं काम धाकट्या दिराकडे होतं. रोजच्या खाद्याला खनिजांची भुकटी एक माप. उन्हाळ्यात अंडी जराशी घटली, तेव्हाच तिला वाटलं, हा हात आखडता घेतोय. तेव्हापासून दीर जेवायला गेला की ती कालवलेल्या खाद्यात गुपचूप आणखी एक माप मिसळायची. मुक्या जिवांचा काय दोष? महिनाभराचा डबा तिचं माप धरून पंधरा दिवस पुरायला हवा होता. दहाव्या दिवशीच तळ दिसू लागला. म्हणजे हा बाहेर विकतोही. अंडी निम्म्यावर आली, कोंबड्यांची पिसं झडली. आज जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून खाद्याच्या तपासणीचा कागद आला की दिरानं घर सोडायचं, असं ठरलं होतं.

दीर दाराशीच उभा होता. पायाशी पिशवी.

“पिशवी भरूनच ठेवलीये, वहिनी. तुम्हाला तेवढाच त्रास कमी.”

“जीभ तेवढी सढळ आहे, भाऊजी. हात नाही.”

डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर पसरला.

“कालवलेल्या खाद्यात भुकटी किती घालता?”

“एक माप,” दीर म्हणाला. “शिगोशीग नाही, सपाट करून.”

“खोटं,” ती म्हणाली. “कमीच निघाली असणार.”

“कमी?” डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. “तिप्पट आहे. यातलं सेलेनियम नखभर हवं, वर गेलं की विष. कोंबड्यांना कुणीतरी रोज विष चारतंय.”

दीर वहिनीकडे बघत होता.

तिनं पदराआड हात नेला. कमरेला खोचलेलं पत्र्याचं माप काढून कागदावर ठेवलं. मग बोटं मिटत मोजलं. एक त्याचं, एक माझं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचा उजवा हात सदऱ्याच्या खिशावर घट्ट दाबलेला होता.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “तुमचंही ठेवा इथं.”