मस्तुरा-ओपाचा मध

मस्तुरा आणि तोलिब यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती की पोरं आपापल्या संसाराला लागली होती. पण नवरा-बायकोचं भांडण काही मिटत नव्हतं. भांडण कशावरून, तर एका ऑक्सिजनच्या अणूवरून. तो नेमका बसलाय कुठे?

ताश्कंदच्या संस्थेत मस्तुराची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, तोलिबची यंत्रं तळघरात. ती वनस्पतींतून द्रव्यं वेगळी काढायची आणि तो त्यांचे वर्णपट घ्यायचा. गेली काही वर्षं तिनं ओमोनकोराचा पिच्छा पुरवला होता. दक्षिणेला बायसूनच्या डोंगरांत होणारा हा कंद. वसंतात त्याची पट्ट्यासारखी करडी-हिरवी पानं पंखा उघडावा तशी जमिनीतून वर येतात. त्या पानांतल्या मुख्य अल्कलॉइडचं औषध कारखान्यात केव्हाच बनू लागलं होतं आणि पोलिओनं लुळ्या पडलेल्या पोरांच्या पायांत त्यानं थोडंफार बळ येत असे. मस्तुरा काम करायची ते हे अल्कलॉइड काढून घेतल्यावर मागे उरणाऱ्या काळपट पाण्यावर. तिला ओपा, म्हणजे ताई, अशी हाक मारणारी संस्थेतली मंडळी म्हणत, "लोणी कारखान्याला, ताक ओपाला."

त्या ताकातूनच तिनं एक नवं अल्कलॉइड वेगळं काढलं होतं. ते आजवर कुणाच्या हाती लागलेलं नाही, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. अडचण एवढीच की ते गोठेना. काचेच्या कांडीनं खरवडून झालं, बर्फात ठेवून झालं, अल्कोहोल झालं, ईथर झालं. चंबूच्या तळाशी ते आपलं पिवळं, चिकट, ढिम्म बसून राही. स्फटिक नाही म्हणून क्ष-किरणांनी तपासता येत नाही, आणि तसं तपासल्याशिवाय रेणूची रचना कुणी छातीठोक सांगू शकत नाही. ‘मस्तुरा-ओपाचा मध’ असं त्याचं नाव पडलं होतं. प्रयोगशाळेतल्या पोरीसोरीसुद्धा जिन्यात विचारत, "ओपा, मध जमला का?"

मग घरी चहाच्या पियाल्या भरल्या की दोघांची जुंपायची.

"मी रेणू फोडून त्याचे तुकडे हातात घेतलेत," मस्तुरा म्हणायची. "ऑक्सिजन अणूंच्या पहिल्या कडीवर आहे. तुम्ही आपल्या वर्णपटाच्या कागदावरच्या टेकड्या बघत बसा."

"टेकड्या खोटं बोलत नाहीत, बाईसाहेब. ऑक्सिजन दुसऱ्या कडीवर आहे. तू फोडाफोड केलीस तेव्हा घसरला असेल जागेवरून."

"घसरायला तो काय तुमचा भाऊ आहे, लग्नात वोडका ढोसलेला?"

"माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही हं!"

त्या वर्षी एप्रिलमध्ये तोलिबचं यंत्र बिघडलं. सुटा भाग मॉस्कोहून यायचा होता, म्हणजे कधी येईल ते देवच जाणे. तो तळघरात नुसता येरझारा घालू लागला. मस्तुरा पानं आणायला बायसूनला निघाली होती. ती म्हणाली, "चला माझ्याबरोबर. इतकी वर्षं ज्याचे वर्णपट काढताय, त्याचं तोंड तरी बघून घ्या."

डोंगरातल्या गावात बोबोनझर नावाचे शाळामास्तर दर वर्षी तिला आपल्या घरी उतरवून घेत. त्यांच्या मागोमाग चढण चढताना तोलिबच्या छातीचा भाता झाला. मस्तुरा मात्र शेळीसारखी पुढे. उत्तरेच्या उतारावर ती एकदम खाली बसली आणि दगडांमधल्या एका पंख्यावर हात ठेवला.

"हा बघा तुमचा ओमोनकोरा."

तोलिब धापा टाकत गुडघ्यांवर बसला. "एवढाच?"

"वर एवढाच. खाली वीतभर कंद आहे. अर्धीच पानं कापायची. सगळी कापली तर बिचारा उपाशी मरेल."

तो कापू लागला. हात सावकाश चालत होता, पण प्रत्येक पान असं धरत होता की मस्तुराला हसू आलं. तिनं ते पदराआड, म्हणजे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाआड लपवलं.

पोती भरली आणि त्याच दुपारी पाऊस कोसळला. डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि खालचा रस्ता घेऊन गेला. पानं न्यायला आलेली मालमोटार ओढ्याच्या पलीकडे, पानं अलीकडे. एरवी ही पानं खाली, पाला गोळा करण्याच्या केंद्रातल्या गरम भट्टीत वाळवली जात. दुसऱ्या दिवशी मस्तुरानं पोत्यात हात घातला, तर आत चांगलीच ऊब लागली.

"कुजायला लागली हो!" ती म्हणाली. तिचा चेहराच उतरला. पानं गेली की पुढच्या वसंतापर्यंत हात चोळत बसणं आलं.

अंगणापलीकडे बोबोनझरांची रेशीमकिड्यांची खोली होती. मातीच्या जाड भिंती, वर झरोके, आणि आत वेताच्या मांडण्या छतापर्यंत. किड्यांची अंडीही रस्त्यापलीकडेच अडकली होती, त्यामुळे मांडण्या रिकाम्याच होत्या. मस्तुरा दारात उभी राहून वाऱ्याची झुळूक अजमावत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, ही खोली मला द्याल?"

"घ्या की, ओपा. पण किडे आले की तुमच्या पानांना बाहेर काढणार."

"नक्की काढा. चुकून एखादं तुतीच्या पाल्यात गेलं, तर तुमचे किडे रेशमाआधीच स्वर्गात जातील."

नवरा-बायकोनं मिळून सगळी पानं एकेक करून पसरली. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ ती उलटायची. ऊन नाही, आग नाही, नुसता वारा. मास्तरांची बायको कुमरी तंदूरमधून गरम नान घेऊन यायची आणि तोलिबकडे बघून तोंड दाबून हसायची. "अका, अहो दादा, आमच्याकडे हे बायकांचं काम असतं!"

"आमच्याकडे भट्टीचं असतं," तोलिब म्हणायचा आणि पुढची मांडणी घ्यायचा.

तिथे ना कागद, ना टेकड्या, त्यामुळे भांडायला विषयच नव्हता. एका सकाळी पानं उलटता उलटता तो म्हणाला, "तू दर वर्षी हे सगळं करतेस, मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, पानं पोत्यातच उगवतात."

त्या दिवशी मस्तुरानं शोरब्यातला मांसाचा मोठा तुकडा त्याच्या वाडग्यात घातला.

रस्ता झाला, पानं ताश्कंदला आली. मस्तुरानं नेहमीसारखंच सगळं केलं. अमोनिया, क्लोरोफॉर्म, आम्ल, पुन्हा अमोनिया. या वेळी रंग फिका आला. तिनं चंबू खिडकीत ठेवला आणि चहा प्यायला गेली. परत येऊन बघते तो काचेच्या कडेला पांढरी किनार, हिवाळ्यात खिडकीवर हिम धरतं तशी. किनार हळूहळू आत सरकत होती, सुयांसारखी टोकं फुटत होती.

तिनं तळघरात फोन लावला. "अहो, वर या."

"काय झालं? हात भाजला का?"

"वर या म्हणते ना!"

दोघं खिडकीशी उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग मस्तुरानं त्याच वाळलेल्या पानांतली थोडी ओली करून गरम पेटीत ठेवली आणि त्यांतून द्रव्य काढलं. आला की नाही पुन्हा मध! म्हणजे भट्टीच्या आचेनं काहीतरी मोडत होतं आणि तो मोडका अंश मिसळून राहून बाकीच्यांना जमू देत नव्हता. इतकी वर्षं तिनं द्रावणं बदलून पाहिली होती, भट्टीचा संशय मात्र कधी आला नव्हता.

स्फटिक क्लारा किमकडे गेले. क्लारा ताश्कंदच्याच कोरियन वस्तीतली, क्ष-किरणांचं काम बघणारी, मोजकं बोलणारी बाई. "निकाल लागला की सांगते," एवढंच म्हणाली.

जूनमधल्या एका संध्याकाळी तोलिब घरी आला तो काखेत हंदलक घेऊन. मोसमातलं पहिलंवहिलं, सगळं घर घमघमवणारं ते खरबूज त्यानं स्वतः कापलं. बायकोला टेकायला उशी दिली. जेवण झाल्यावर उठून पियाल्या धुवायला लागला.

मस्तुरा दारात येऊन उभी राहिली. "अहो, कुणी गेलं का?"

"नाही बुवा."

"मग भांडी का घासताय?"

"असंच."

"क्लाराचा निकाल आला."

तोलिब पियाली पुसतच राहिला.

"ऑक्सिजन तुमच्या कडीवर आहे," मस्तुरा म्हणाली.

"हो. पण... जरासा."

"जरासा ऑक्सिजन म्हणजे काय हो?"

आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. राग येईल असं तिलाही वाटलं होतं. पण मनात शोधून पाहिला तर सापडला नाही. "दाखवा," ती म्हणाली. त्यानं कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. सगळा रेणू, एकेक अणू आपापल्या जागी. दूरदेशी राहणाऱ्या नातवाचा फोटो हातात यावा तशी ती बघत राहिली.

"मी फोडला तेव्हा खरंच घसरला की," ती म्हणाली. "पण का घसरला? हा उद्योग याआधी कुणी पाहिलेला नाही, कळतंय का? यावर वेगळा लेख होईल!"

"तोच विचार मी बसमध्ये करत होतो."

"मग बोलला का नाहीत? खरबूज काय घेऊन येता!"

संस्थेच्या सभेत तिनं उभं राहून सांगितलं की आपली रचना चुकली होती आणि बरोबर रचना ही. शेवटच्या रांगेत तोलिब खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होता. औषध म्हणून याचा उपयोग काय, असं कुणीतरी विचारलं. अजून ठाऊक नाही, ती म्हणाली. उंदरांवर पाहायला सुरुवात केली आहे.

ऑगस्टमध्ये दोघं पुन्हा बायसूनला गेले. पोती नव्हती, कात्र्या नव्हत्या; ओमोनकोराला फूल येतं कसं, ते बघायला. पानं उन्हानं केव्हाच वाळून गेली होती, उतारावर त्यांचा मागमूस नव्हता. सुकलेल्या मातीतून नुसते उघडे दांडे वर आले होते आणि त्यांच्या माथ्यावर फिकट गुलाबी फुलांचे झुबके होते. मस्तुरानंही ते कधी पाहिले नव्हते. ती नेहमी पानांच्या दिवसांत यायची. बोबोनझरांनी जुनिपरच्या सावलीत दस्तरखान, जेवणाचं कापड, पसरला, नान मोडली आणि हिरव्या चहाची पहिली पियाली तिच्या हातात दिली.