माझ्या तळाची शिवण

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर लगेच तोंडाला पाणी सुटू देऊ नका! माझ्यात खाऊ नाही. मी न गंजणाऱ्या पोलादाचा आहे. अणुइंधन वापरून झाल्यावर उरणारा घातक कचरा वितळलेल्या काचेत मिसळून माझ्या पोटात ओतला आहे. तो पोटात ठेवणे हेच माझे काम. येरागबाळ्याचे नव्हे ते!

माझा तळ एका कारखान्यात सर्वांत जुन्या वेल्डरने जोडला. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांचा एकही जोड आजवर परत आला नव्हता आणि निवृत्ती तोंडावर आली होती. माझी शिवण पाहून लोक वाहवा करू लागले. मी तर हवेतच होतो.

तपासायला आली त्यांचीच लेक. तिने शिवणीवर लाल रंग लावला, थोड्या वेळाने पुसला आणि वर पांढरी पूड फवारली. कुठे चीर असेल, तर आत शिरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. आणि अरेरे, उमटला! खसखशीच्या दाण्याएवढा लाल ठिपका.

"उस्ताद, घ्या, घरचा अहेर!" कोणीतरी हसले.

उस्तादांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "अगं, एवढासा तर आहे. जाऊ दे की."

"बाबा, याच्या पोटात काय जाणार आहे, ते तुम्हीच मला सांगितलंत ना?"

आणि तिने ठिपक्याभोवती खडूने गोल काढलाच. उस्ताद तरातरा बाहेर गेले. मला धडकी भरली. आता मी भंगारात जाणार की काय?

थोड्या वेळाने ते परत आले. त्यांनी ती शिवण घासून काढली आणि पुन्हा जोडली. लेकीने पुन्हा तपासले. या वेळी पांढरे ते पांढरेच राहिले.

"पास," ती पुटपुटली.

"मग ओरडून सांग की! मघाशी बरा आवाज फुटला होता!" उस्ताद म्हणाले, आणि दोघे हसले.

त्याला कितीतरी वर्षे झाली. आता मी जाड काँक्रीटच्या तळघरात उभा आहे. माझ्या पोटातली ऊब वारा वाहून नेतो. मला पाहायला कोणी येत नाही. कधी वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण बाहेर जाणाऱ्या वाऱ्यात माझ्या पोटातले काही निसटले का, हे ती लेकच तपासते; कारखान्यातून ती इथे आली. तिचेही केस पांढरे झाले आहेत.

एकदा ती थकलेल्या बाबांना वरच्या खोलीत घेऊन आली.

"काय म्हणतोय माझा डबा?" त्यांनी विचारले.

"काही म्हणत नाही, बाबा. गप्प आहे."

"शाबास!"

ती शाबासकी तिला होती की मला, कोण जाणे. निम्मी मी ठेवून घेतली.

मित्रांनो, पुढे मला खोल खडकात ठेवतील. वर तुमची पतवंडे खेळतील, तेव्हाही मला गप्पच राहायचे आहे. तुमच्या कामात कोणी लाल ठिपका दाखवला, तर खुशाल रुसा, पण तो झाकू नका. घासून काढा आणि पुन्हा जोडा. मग माझी निम्मी शाबासकी तुमची.