आईच्या हातचं जहाज

परदेशी निघालेल्या लेकीनं आईच्या हातचं शोभेचं छोटं जहाज मागितलं आणि तिची आई जिनेत घोटाळ्यात पडली. मॉरिशसमधल्या क्युरपीप गावी अशी जहाजं बनवणाऱ्या कारखान्यात तिनं जन्मभर फक्त शिडांचे दोर बांधले होते. तिथलं जहाज लाकूड तासून केलेलं, पण सांगाडा तिथल्याच कारागीर रोलाँचा, शिडं मिमोजची. दुसरं जहाज तिनं घरी एकटीनं जोडलेलं, पण आयत्या तुकड्यांच्या पेटीतलं.

"तासलेलं दे," नवरा म्हणाला.

"त्यात मी कितीशी आहे?"

"मग पेटीतलं दे."

"ते यंत्रानं कापलंय."

"मग मला पाठव. मी सगळा तुझ्याच हातचा."

जिनेतनं पेटीतल्या जहाजाचे आयते दोर कापले आणि नवे बांधायला घेतले. एवढ्यानं ते आपलं होतं का, हे तिला ठरवता येईना. गाठी तरी ओळखीच्या होत्या.