वॉर्डाचं कार्ड

टोकियोतल्या ओजिमाच्या सरकारी वसाहतीत नवं मराठी बिऱ्हाड उतरलं, की दुसऱ्या दिवशी वृंदाताई चिवड्याचा डबा घेऊन दारात हजर. जळणारा कचरा कुठल्या वारी टाकायचा, बाटल्या कुठल्या वारी, कोथिंबीर कुठे मिळते, स्टेशनच्या कुठल्या दारानं बाहेर पडलं की शाळा जवळ पडते, हे सगळं त्या पहिल्या चहात सांगून टाकत. नवख्या बायकांना देव भेटल्यासारखं व्हायचं. शिवाय बहुतेकींचे नवरे पुण्याच्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीत, तिचे इथले साहेब म्हणजे वृंदाताईंचे यजमान उल्हास. म्हणजे चिवड्याला साहेबाचंही वजन होतं.

आणि निघता निघता, चपला घालताना, अगदी सहज म्हणून एक सल्ला असायचा. "आणि हो, कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, नाव नोंदवायला गेलात की ते आरोग्य विम्याचं विचारतील. नको म्हणून सांगा. तो वॉर्डाचा नियम. आज या वॉर्डात आहोत, उद्या शेजारच्या एदोगावात जाऊ. वॉर्ड बदलला की नियमही मागे राहतो. आपल्याला कंपनीची पॉलिसी आहे ना, ती जगभर चालते."

सल्ला मुळात उल्हासचा. कर्मचारी वॉर्ड ऑफिसातल्या विम्याच्या खिडकीशी गेले, की खिडकीतला माणूस विचारणार, तुमची कंपनी तुमचा विमा का भरत नाही? मग कंपनीला हप्त्याचा अर्धा भार उचलावा लागणार. हे त्यानं एकदा जेवताना बायकोला सांगितलं आणि बायकोनं ते दारोदार पोचवलं. खरं की खोटं, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. विचारायची गरजही नव्हती म्हणा. दोन वर्षांपूर्वी ज्ञानदाचे, त्यांच्या मुलीचे, टॉन्सिल काढायचे ठरले तेव्हा वृंदानं रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं आणि उल्हासनं गुपचूप जाऊन तिघांची कार्डं काढून आणली होती. ती तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण तिनं आजवर दुसऱ्यांसाठीच वापरली होती.

नयना एप्रिलमध्ये आली. नवरा सुयश उल्हासच्या हाताखाली, आणि चार वर्षांची ईश्वरी. पोरगी गोड, पण थंडी पडायला लागली तशी तिला धाप लागू लागली. कंपनीच्या पॉलिसीनं हात वर केले. म्हणे हा जुना आजार, यात बसत नाही. मग डॉक्टर आणि औषधं, सगळं पदरचं.

एका सकाळी नयना वृंदाच्या दारात उभी राहिली. ईश्वरी खांद्यावर, ओठ निळसर पडलेले.

"ताई, चला ना माझ्याबरोबर. मला त्यांच्याशी बोलता येत नाही."

वृंदा होती तशी निघाली. स्टेशनमागच्या, आपल्या नेहमीच्या दवाखान्यात घेऊन गेली. वाफ दिल्यावर पोरीच्या चेहऱ्यावर रंग आला आणि दोघींच्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी विचारलं, आधीचं औषध रोज देत होतात ना? वृंदानं मराठीत विचारलं.

नयना खाली बघत म्हणाली, "अर्धं देत होते. पुरवून पुरवून. कार्डाशिवाय फार महाग पडतं, ताई."

हे वाक्य वृंदाला जपानीत सांगावं लागलं. डॉक्टर नुसतं लिहीत राहिले.

बाहेरच्या काउंटरवर मुलीनं विचारलं, "होकेनशो?" विम्याचं कार्ड. नयनानं नकारार्थी मान हलवली. तिला येणाऱ्या दहाबारा जपानी शब्दांत हा एक शब्द पक्का होता. तो ऐकून मान हलवायची तिला सवयच झाली होती.

मुलगी मग वृंदाकडे वळून हसली. "ज्ञानदा-चानच्या आई, परवा तुम्ही होकेनशो विसरला होतात. आज आणलंय का?"

नाही म्हणता आलं असतं. पण हात सवयीनं पर्समध्ये गेला, आणि भानावर येईतो कार्ड काउंटरवर होतं. नयनानं कार्डाकडे पाहिलं, मग वृंदाकडे. आणि ईश्वरीचा मफलर नीट करत राहिली. धरणीमाय दुभंगेल तर बरं, असं बायका उगाच म्हणत नाहीत, हे वृंदाला त्या काउंटरशी कळलं.

रस्त्यावर तिनं सुरुवात केली. "अगं, आमचं जरा वेगळं झालं, ज्ञानदाच्या वेळी..."

"ताई, ते ऑफिस कुठे आहे?"

"कुठलं?"

"कार्ड देतात ते."

आज बंद असेल, असं वृंदाच्या अगदी ओठावर आलं होतं. संध्याकाळी उल्हासला काय सांगायचं, हेही डोक्यात येऊन गेलं. पण पोरीच्या छातीतली शिट्टी अजून ऐकू येत होती. ती मुकाट्यानं बसस्टॉपकडे वळली.

खिडकीत एक तरुण कारकून होता. त्यानं सावकाश समजावलं. हा नियम वॉर्डाचा नाहीच, देशाचा कायदा आहे. वॉर्ड फक्त खिडकी चालवतो. कुठल्याही वॉर्डात गेलात तरी कायदा तोच. बाहेरची पॉलिसी असली म्हणून यातून सुटका नाही, हप्ताही एप्रिलपासूनचा भरावा लागेल. वॉर्डानं स्वतःच्या मनानं एक गोष्ट केली आहे, ती म्हणजे लहान मुलांचे उपचार फुकट. पण त्यासाठी आधी देशाचं कार्ड हातात हवं.

एकेक वाक्य वृंदा मराठीत सांगत गेली. आपण दारोदार वाटलेलं खोटं आपल्याच तोंडानं निस्तरत होती. "फुकट" हा शब्द आला तेव्हा नयनानं डोळे मिटून घेतले.

मग कारकुनानं विचारलं, "इतका उशीर का झाला? याची गरज नाही असं यांना कोणी सांगितलं का? हल्ली बरेच भारतीय असं म्हणतात. सांगणाऱ्यांना आम्ही नीट समजावू."

हेही वृंदाला सांगावंच लागलं. नयनानं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"सांगा त्यांना. कोणी नाही सांगितलं. मलाच कळलं नाही."

'मी सांगितलं.' दोन शब्दांचं काम होतं, आणि जपानी तर वृंदाला अस्खलित येत होतं. तिला उल्हास आठवला, वसाहतीतली सगळी दारं आठवली, त्या दारांतून ऐकू येणारं "या ना, ताई" आठवलं.

"कोणी सांगितलं नाही, असं त्या म्हणताहेत," ती म्हणाली.

कारकून उठून उभा राहिला आणि वृंदापुढे कमरेत वाकला. मैत्रिणीसाठी एवढी तसदी घेतलीत, म्हणाला. प्रत्येक परदेशी कुटुंबाला तुमच्यासारखी शेजारीण मिळायला हवी. वृंदालाही उलट वाकावं लागलं. वाकल्यावर मान वर करणं तिच्या जिवावर आलं.

"काय म्हणाले?" नयनानं विचारलं.

"काही नाही. थँक्यू म्हणाले."

परतताना बसमध्ये ईश्वरी आईच्या मांडीवर झोपली. वसाहतीच्या लिफ्टमध्ये शिरल्यावर वृंदानं धीर करून म्हटलं, "संध्याकाळी ईश्वरीला गरम गरम मुगाचं कढण आणते हं."

"नको."

नयनाचा मजला आला. पोरीला खांद्यावर सावरत ती बाहेर पडली आणि वळून, ऑफिसातली माणसं एकमेकांना 'सान' लावून बोलतात तशा नीटस आवाजात म्हणाली, "आज आलात, बरं झालं. थँक्यू, वृंदा-सान."

एप्रिलपासून वृंदा तिची ताई होती.