दोन हातांचा डबा

मी डबा. नुसतं डबा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शाळेचा नाहीतर ऑफिसचा डबा येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी पत्र्याचा, चौकोनी, पोराच्या गुडघ्याएवढा उंच आणि जन्माने अमेरिकन. हसू नका. मालवण तालुक्यातल्या एका वाडीत, फणसाच्या फळीवर आयुष्य काढून मी हे सांगतोय याची मलाही कल्पना आहे.

कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. पत्रा कापला, वाकवला, कडा जुळवल्या, पोटात खायचं तेल भरलं आणि अंगावर रंगीत छाप उठवला. त्या छापात काय आहे ते मला आजवर दिसलेलं नाही. स्वतःच्या पोटावर काय लिहिलंय ते डब्याला कसं दिसणार? दुसऱ्यांनी वाचून दाखवलं तेवढंच मला ठाऊक, आणि दुसऱ्यांनी ते साठेक वर्षं साफ चुकीचं वाचलं.

बोटीतून मुंबईला आणि तिथून ट्रकने मी इथे, इगर्जेच्या शाळेत आलो. इगर्ज म्हणजे इथल्या ख्रिस्ती लोकांचं देऊळच म्हणा. त्या काळी शाळेत दुपारी पोरांना मक्याच्या पिठाचा पिवळा उपमा मिळायचा. पीठ अमेरिकेचं, तेलही अमेरिकेचं. मी आत चुलीपाशी, पोरांची रांग बाहेर अंगणात, त्यामुळे कोण काय खातं हे काही मला दिसायचं नाही. तेल संपलं आणि माझं काम संपलं.

रिकामा झाल्यावर एक बाई मला मागून घरी घेऊन गेली. तिचा प्लासिद त्याच शाळेत दुसरीत होता. थोरली एस्पेरांसा मात्र शाळा सोडून घरी बसली होती, कारण पाळण्यातल्या भावंडाला सांभाळायला कोणीतरी हवं होतं. त्या बाईने कट्टा गावच्या बाजारात माझं तोंड कापून घेतलं, झाकण बसवलं, वर धरायला कडी लावली. घरी आणून ओल्या फडक्याने पुसलं आणि माझ्या पोटाकडे बघून ओरडली, "गो एस्पेरांसा, बघ बघ! काजाराचे हात! एक घोवाचो, एक बायलेचो!"

काजार म्हणजे लग्न, घोव म्हणजे नवरा. माझ्या अंगावर एकमेकांत गुंतलेले दोन हात छापलेले होते म्हणे. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण हात हातात दिला की लग्न लागतं हे तिला पक्कं माहीत होतं. तिने मला त्याच दिवशी लग्नाचा डबा करून टाकलं, आणि खरं सांगू, मला ते फार आवडलं. तेल वाहून आणणाऱ्या डब्याला एवढा मान कोण देतो?

लग्न झालं की नवरीबरोबर माहेरून गोडधोड पाठवायची इथल्या ख्रिस्ती घरांत रीत आहे. त्याला ओजें म्हणतात. पुढे एस्पेरांसा लग्न होऊन मसुऱ्याला गेली तेव्हा तिचं ओजें माझ्यातूनच गेलं, वर दोदोल, खाली नेवऱ्या. सासरच्यांनी मला रिकामं करून, धुऊन परत पाठवलं. मग वाडीतली प्रत्येक नवरी 'दोन हातांचो डबो' मागायला येऊ लागली. शेजारच्या अक्कांनी तर आपल्या लेकीच्या, श्रियाच्या रुखवतात मला मधोमध मांडून लाडवांनी भरलं होतं. त्या लग्नात नवरीच्या खालोखाल फोटो माझेच निघाले, असं मी म्हणतो. खोटं वाटलं तर अक्कांना विचारा.

एकच माणूस मला कधी हौसेने हात लावायचा नाही. प्लासिद. तो शिकला, गणिताचा मास्तर झाला, त्याचं लग्न झालं, बायकोने मला प्रेमाने वापरलं, पण हा मला फळीवर ठेवताना नेमका भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. मी मनात म्हणायचो, मास्तराला सौंदर्याची दृष्टी नाही.

प्लासिदची दोन मुलं, ब्रॅंडन आणि ग्लेनिशा. ब्रॅंडन बोटीवर नोकरीला आहे. ग्लेनिशा हैदराबादला अमेरिकन स्टडीज या विषयात एम. ए. करते. हा विषय नेमका काय, हे वाडीत कोणालाच धड समजलेलं नाही. अक्का अजून विचारतात, "ता शिकान अमेरिकेक जावक गावता काय?" ती म्हणते, "नाय गो अक्का, अमेरिकेचो अभ्यास करुचो." अक्का म्हणतात, "मगे थंय जावन कर."

या नाताळात ग्लेनिशा घरी आली ती एक काम घेऊनच. तिच्या सरांनी सांगितलं होतं, आपल्या आसपासची एक अमेरिकन वस्तू निवडा आणि तिचं आयुष्य लिहा. कुठे बनली, कोणाकोणाच्या हातून गेली, तिचा लोकांनी काय अर्थ लावला. जानेवारीच्या मध्याला निबंध पाठवला नाही तर त्या विषयात नापास.

"म्हणजे शाळेत 'मी छत्री बोलतेय' लिवलंस, ताच लिवक हैदराबादेक गेलंस?" प्लासिदने चिडवलं.

"तसाच, पप्पा. खाली फक्त तळटिपा घालूच्यो," ग्लेनिशा म्हणाली.

मग तिने सगळं घर उपसलं. ब्रॅंडनची न्यूयॉर्क लिहिलेली टोपी तिरुपूरची निघाली. मायामीहून आणलेलं फ्रिजवरचं चुंबक चीनचं. अंगातली जीन्स बांगलादेशची. एवढ्या अमेरिकेच्या वस्तू घरात, आणि त्यातली एकही अमेरिकेची नाही. फळीवर बसून मला गंमत वाटत होती. तेवढ्यात, दरवर्षी नाताळला माहेरी येणाऱ्या एस्पेरांसाने नेवऱ्या ठेवायला मला खाली काढायला सांगितलं. ग्लेनिशाने मला भिंतीकडून आपल्याकडे वळवलं आणि ती बघतच राहिली.

"आंटी," ती हळू म्हणाली, "ह्यावर लिवला काय ठावक आसा? अमेरिकेच्या जनतेकडून. विकू नये, बदल्यात देऊ नये."

"आणि हात गो?"

"एक अमेरिकेचो, एक आमचो. मदतीचे हात, आंटी. तेव्हा आमच्या देशात धान्य कमी होता, म्हणान त्यांनी धाडलेला."

"म्हणजे काजार नाय?"

"नाय."

एस्पेरांसा पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अरे देवा! म्हणजे आमच्या सगळ्या लग्नांका अमेरिका पाहुणो म्हणान येय होतो!"

मला मात्र हसू आलं नाही. इतकी वर्षं लग्नाचा डबा म्हणून मिरवलो आणि निघालो मदतीचा. वाईट वाटलंच. पण माझ्यापेक्षा जास्त कोणाचा तरी चेहरा पडला होता. दारात उभा असलेला प्लासिद बाहेर निघून गेला.

ग्लेनिशाला विषय मिळाला. सरांनाही तो फार आवडला. चार दिवस ती लॅपटॉपपुढून उठली नाही, आणि लिहून झाल्यावर कौतुकाने पप्पांना वाचायला दिलं. प्लासिदने चष्मा लावून सगळं वाचलं, शेवटच्या पानापर्यंत. मग लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

"ह्या धाडू नको."

"कित्याक, पप्पा? चुकला काय?"

"चुकूक नाय. बरा लिवलंस. पण शाळेतल्या त्या रांगेत मी होतंय. माझी भूक तुझ्या मार्कांसाठी वापरू नको."

ग्लेनिशाचे डोळे भरले. वेळ थोडा होता, सरांनी विषय मान्य केलेला होता, आणि एवढं चांगलं पुन्हा काही सुचणार नव्हतं. पण तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने सरांना फोन लावला. ती इंग्रजीत बोलत होती, पण मी जन्माने तिकडचाच, मला कळलं. ती म्हणाली, सर, डबा माझा नाही, माझ्या वडिलांचा आहे आणि त्यांची परवानगी नाही. मी चुंबकावर लिहिते. उशीर झाला तर मार्क कापा.

प्लासिद पडवीत मासळीची पाटी धूत होता. त्यालाही ते ऐकू गेलं. पाटी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी तो ती घासतच होता.

त्या संध्याकाळी ग्लेनिशा टेबलाशी चुंबक पुढ्यात घेऊन बसली होती. दोन ओळी लिहायची आणि खोडायची. एस्पेरांसा बाजूला बसून लसूण सोलत होती. प्लासिद आला, त्याने मला फळीवरून उचललं आणि टेबलावर ठेवलं. मला त्याने आपणहून असं पुढे आणून ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तू ह्या डब्याच्या निबंधात एक शब्द सारखो लिवलंस. लाभार्थी. ते कोण?"

"तुमीच, पप्पा. शाळेतली पोरां."

"मगे नाव लिव. लाभार्थी कोण उपाशी नसता, प्लासिद उपाशी असता." तो खुर्ची ओढून बसला. त्याचा आवाज वर्गात शिकवतानाचा नव्हता. "माका भुकेची लाज नाय गो चेडवा. तेव्हा सगळेच उपाशी होते. माका भीती बायची. तुझा लिवलेला बायक कळतला म्हणान."

बाय म्हणजे थोरली बहीण, एस्पेरांसा. तिचा लसूण सोलणारा हात थांबला. "माका काय कळतला रे?"

"मी तुका रोज उपमा हाडी होतंय, तो आठावता?"

"आठावता म्हणजे? केळीच्या पानात बांधून, शर्टाच्या खिशात. सगळो शर्ट तेलकट. ज्याची गणितां बरोबर ताका शाळेत दुप्पट गावता, म्हणान तू सांगी होतंस. मी सगळ्या वाडीत सांगलंय, माझो भाव गणितात पयलो."

"दुप्पट कोणाकच गावा नव्हता, बाय. सगळ्यांका एकच वाटी, ताच हिच्या निबंधात लिवलेला आसा." प्लासिद टेबलाकडे बघत बोलत होता. "तू घरात बसान पोराक सांभाळी होतंस. तुका शाळा नाय, उपमा नाय. माझ्या वाट्यातलो म्हणान सांगलंय असतंय तर तू तोंडाक लावलंस नसतंस. म्हणान बक्षीस सांगलंय. आणि तू गावभर बोलून ठेवलंस. मगे गणितां येवक नको? शिकूचीच लागली."

ग्लेनिशाला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. मी तर थक्क झालो. ते तेल माझ्या पोटातलं. त्या पोराच्या खिशाला लागलं ते माझंच, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मोठमोठ्या देशांनी एकमेकांना काय दिलं ते माझ्या अंगावर छापलंय. त्या तेलात शिजलेली एक वाटी एका पोराने अर्धीच खाल्ली आणि अर्धी घरी नेली, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. मास्तराला सौंदर्याची दृष्टी नाही म्हणालो होतो. शब्द मागे घेतो.

एस्पेरांसा खोटं बोलल्याबद्दल भावाला रागावेल असं मला वाटलं. निदान त्याची थट्टा तरी करेल. पण तिच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालला होता. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरची ती बाई लहान मुलीसारखी भावाकडे बघत होती.

"म्हणजे मी खालंय तो तुझ्या वाट्याचो?" ती म्हणाली. "मी रोज खालंय. पान चाटून खालंय. आणि तू अर्दो उपाशी?"

"माका भूक नसायची गो, बाय."

जन्मभर पोरांना गणितं शिकवली, पण एवढं साधं खोटं त्याला धड बोलता आलं नाही. एस्पेरांसाने लसणीचा वाडगा बाजूला सारला, लसणीच्याच हातांनी भावाचा चेहरा धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

ग्लेनिशाने विचारलं, "पप्पा, लिवू?"

"लिव. नावानिशी लिव. बायचाय नाव घाल."

मी आता बराच म्हातारा झालोय. बूड गंजलंय, कडी सैल झालीय, छापातली इंग्रजी अक्षरं अर्धी उडालीयत म्हणे. पण घरात माझ्यापेक्षा जुनी माणसं आहेत, आणि त्यांना अजून बोलता येतं. तुमच्या घरातही असतील. त्यांच्याशी बोलून घ्या. आम्हा डब्यांना आपल्या आत काय होतं एवढंच माहीत असतं.

स्वयंपाकघरातून एस्पेरांसाचा आवाज येतोय, "प्लासिद, बस रे. आज आधी तुका वाढतंय, आणि सगळा तुयाच खावचा. माका काय हाडून दिवचा नाय." तो बसलाय. ग्लेनिशा लॅपटॉप तसाच उघडा टाकून त्याच्या शेजारी जाऊन बसलीय. माझं झाकणही टेबलावर उघडंच पडलंय, लावायला कोणी नाही. राहू द्या तसंच. आधी त्यांना जेवू द्या.