इतिहासाला इस्त्री

"अहो, आमचे मोतीबिंदूवाले आजोबा दाताच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडून बसलेत," हॉस्पिटलच्या रिसेप्शनिस्ट बाई फोनवर सांगत होत्या. "आणि दातांचे पेशंट लहान मुलांच्या विभागात. तिथल्या खुर्च्या केवढ्याशा आहेत हो. एक गृहस्थ अडकलेत."

"मी बघतो," काका म्हणाले.

"त्यांना ओढायला माणसं लावलीत. तुम्ही तुमचा कॉम्प्युटर बघा."

काका बावन्न वर्षांचे होते. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर लिहिणारं बाकीचं ऑफिस तिशीच्या आतबाहेर असल्यामुळे ते सगळ्यांचेच काका झाले होते. काकांचा कोड चुकत नाही, असा त्यांचा लौकिक होता. तो कुणी पसरवला हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं.

त्या सकाळी त्यांनी अपॉइंटमेंटचं नवं काम मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या चालू प्रतीत, मर्ज केलं होतं. हॉस्पिटल चालतं ते मुख्य ब्रँचवर. नवं काम बाजूच्या वेगळ्या ब्रँचवर करायचं आणि पिकलं की मुख्य ब्रँचमध्ये मिसळायचं, अशी पद्धत. काकांना ते पिकलंसं वाटलं होतं. हॉस्पिटल आपले विभाग एकपासून मोजत होतं आणि काका शून्यापासून, त्यामुळे अख्खं हॉस्पिटल एकेक दार पुढे सरकलं.

काकांनी मर्ज रिव्हर्ट केला, म्हणजे मिसळलेलं सगळं एका फटक्यात उलटवलं. जुनी व्यवस्था लगेच परत आली. खुर्चीतल्या गृहस्थांना थोडा वेळ लागला.

चूक नेमकी कुठं आहे ते ताईंनी शोधलं. ताई काकांच्या शेजारी बसत आणि त्याच ब्रँचवर काम करत. सासऱ्यांच्या आजारपणात आठ वर्षं घरी काढून त्या परत नोकरीला लागल्या होत्या, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम दिसलं तर कायम, नाही तर नमस्कार. त्यांनी एकेका विभागाचा खोटा पेशंट तयार केला, त्याला दारोदार फिरवलं आणि काकांच्या कोडमधला तो शून्य पकडला. दुरुस्ती केली आणि तिचा कमिट, म्हणजे केलेल्या बदलाची आपल्या नावाची नोंद, ब्रँचवर टाकला.

मग दोघांनी आधी काकांच्याच मशीनवर ब्रँच पुन्हा मर्ज करून पाहिली. यंत्रानं फक्त ताईंची दुरुस्ती उचलली. बाकीच्या कामाला हात लावायला ते तयार नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं: बाकीचं मी एकदा घेतलंय, नंतर ते तुम्हीच उलटवलंत, तो तुमचा प्रश्न.

"मग रिव्हर्टच रिव्हर्ट करूया की, काका," ताई म्हणाल्या. "उलटलेलं सुलट, आणि त्यावर माझी दुरुस्ती."

"तसं होतं. पण हिस्ट्री कशी दिसेल? मर्ज, रिव्हर्ट, रिव्हर्टचा रिव्हर्ट. वाचणाऱ्याला वाटेल इथं माणसं कोलांट्या मारतात."

"मारल्याच ना आपण?"

काका हसले. हसण्यासारखं नव्हतं, पण 'आपण' म्हणाल्या हे बरं वाटलं.

दुसरा मार्ग होता ब्रँचची हिस्ट्री, म्हणजे कमिटची ओळीनं यादी, नव्यानं लिहिण्याचा. तेच कमिट पुन्हा लिहायचे. यंत्राला ते नवे वाटतात आणि ते मुकाट्यानं घेतं. यात गैर काहीच नाही, चारचौघांत करतात. फक्त असं लिहिताना यंत्र प्रत्येक कमिटपाशी विचारतं: हा ठेवू, गाळू, की आधीच्याच्या पोटात घालू? ताई जेवायला गेल्या होत्या. काकांनी त्यांची दुरुस्ती आपल्या कमिटच्या पोटात घातली. आता काकांचा कमिट जन्मापासूनच बरोबर होता. नाव अर्थात एकाचंच राहतं, आधीच्याचं. मग सगळ्यांच्या सामायिक जागी असलेल्या जुन्या ब्रँचवर त्यांनी ही इस्त्री केलेली ब्रँच जबरदस्तीनं चढवली. चुरगळलेलं काही राहिलं नाही.

ताई जेवून आल्या, तर त्यांचं मशीन कुरकुरायला लागलं.

"काका, माझी ब्रँच आणि सामायिक ब्रँच जुळत नाही म्हणतंय."

"मी नव्यानं लिहिलीय. तुमची कॉपी टाकून द्या, ताजी घ्या."

ताईंनी आपल्या हातानं आपली कॉपी टाकली, ताजी घेतली, आणि खालपासून वरपर्यंत वाचली.

"माझा कमिट दिसत नाही."

"आहे ना आत. मिसळलाय. काम महत्त्वाचं."

"हो, कामच महत्त्वाचं," ताई म्हणाल्या. "सवय आहे मला. आठ वर्षं काय केलं तेही कुठं दिसत नाही."

असं त्या चेष्टेत म्हणाल्या असाव्यात, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली. मर्ज झाला. मोतीबिंदू डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचला. ऑफिसच्या धाकट्या साहेबांनी सगळ्यांना कळवलं की काकांनी निस्तरलं.

आठवड्याभरानं धाकट्या साहेबांनी काकांना आत बोलावलं. साहेब काकांहून पंधरा वर्षांनी धाकटे होते आणि त्याबद्दल त्यांना स्वतःलाच संकोच वाटे.

"ताईंचं ठरवायचंय. माणूस चांगला आहे हो. पण हिस्ट्री बघतो तर या महिन्यात काहीच नाही."

"ती विभागांची चूक त्यांनीच शोधली. दुरुस्तही त्यांनीच केली."

"हिस्ट्रीत तर तुमचं नाव आहे."

"चूक माझी होती."

"ती दिसतेच आहे की," साहेब सहज म्हणाले. "पहिल्या मर्जच्या खाली आहे. मुख्य ब्रँचमधून काही जात नाही. आम्ही सगळ्यांनी त्याच दिवशी पाहिली. म्हटलं, काकांना कोण बोलणार."

काकांचे कान तापले. झाकायला गेले ती चूक चव्हाट्यावर होती तिथंच होती. पुसली गेली होती फक्त दुरुस्ती.

"दुरुस्ती मात्र खरंच ताईंची आहे," ते म्हणाले.

"काका, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात." साहेबांना गहिवरून आलं होतं. "पण दयेवर कायम कसं करू? दाखवायला काहीतरी पाहिजे."

काका मोठ्या मनानं बाहेर आले. ताईंकडे न बघता जागेवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "चहात साखर घातलीच नाही आज. कालपासून तोंडाला कुलूप आहे, म्हटलं बघू बोलताय का."

"ठीक आहे चहा."

"तीस वर्षं माझ्या स्वयंपाकातल्या मिठाला नावं ठेवताय, आणि आज ठीक आहे? काय करून आलात?"

काकांनी सांगितलं. ब्रँच वगैरे तिला सांगावं लागलं नाही.

"म्हणजे तिचं नाव खोडलंत," ती म्हणाली आणि साखरेचा डबा पुढे ठेवला.

खोडलेला कमिट एकदम मरत नाही. ज्यानं खोडला त्याच्या मशीनमध्ये तो काही आठवडे पडून असतो. काकांनी तो उकरून काढला, वेगळ्या ब्रँचवर घालून सामायिक जागी ठेवला आणि साहेबांना दाखवला. ताईंचं नाव, त्यांची तारीख, सगळं जसंच्या तसं.

"मग हा गेला कुठं होता?"

"मी काढला."

"चुकून," साहेब म्हणाले. विचारत नव्हते, सुचवत होते.

काकांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. लौकिक होताच.

"नाही," काका म्हणाले. "माझा कमिट चांगला दिसावा म्हणून."

साहेबांनी कपात बघितलं. कप रिकामा होता.

दुपारी ताई आतून जागेवर आल्या.

"कायम केलं, काका."

"अभिनंदन." पुढचं वाक्य काकांनी सकाळपासून घोळवून ठेवलं होतं. त्यातलं अर्धंच आलं. "ताई, माझं चुकलं."

"हो," ताई म्हणाल्या.

'असू द्या' म्हणाल्या नाहीत. काका स्वतःच्या स्क्रीनकडे वळले.

थोड्या वेळानं ताई पाणी आणायला उठल्या. एक पाऊल टाकलं, परत वळल्या, वाकून आपली स्क्रीन लॉक केली. इतक्या महिन्यांत त्यांनी ती कधी लॉक केली नव्हती.

"तुमचीही बाटली भरून आणू, काका?"

काकांनी बाटली दिली.