विरोध असणाऱ्यांनी उभे राहावे

"सिस्टर, मी आहे का गेलो?" सकाळी डोळे उघडल्या उघडल्या नानांनी विचारले.

"तोंड चालू आहे म्हणजे आहात," असे म्हणत तिने त्यांच्या पाठीखाली हात घातला आणि त्यांना अलगद कुशीवर वळवले.

ती काही शिकलेली नर्स नव्हती. घरात सगळे तिला 'बाई' म्हणत; सिस्टर म्हणणारे एकटे नाना. कमरेखालचे अंग गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस तिच्या हातांवर चाले. तिने ओल्या फडक्याने त्यांची पाठ पुसली, माकडहाडाजवळची लालसर जागा बोटाने दाबून पाहिली, पावडर लावली, चादरीच्या चुण्या ओढून सरळ केल्या आणि खाली वाकून भांडे उचलले. रात्रीही दोनदा-तीनदा उठावे लागे. म्हणून तिचा मुक्काम इथेच होता, स्वयंपाकघरामागच्या सामानाच्या खोलीत. तिथे पाय पसरले की इस्त्रीच्या टेबलाला लागत.

तिला एक मुलगी होती, सातवीतली. ती मामाकडे राहायची, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. सोसायटीचा नियमच होता तसा: कामाच्या माणसांनी आपली मुले इमारतीत मुक्कामाला ठेवायची नाहीत. पाहुण्यांची कुत्री चालत होती, ते जाऊ द्या. नवरा वारल्यावर लेकीला कुठेतरी ठेवणे भागच होते. मामी वाईट नव्हती. पण घरात आधीच चार पोरे असताना पाचवे कोणाला जड होत नाही? शाळेतून आले की आधी भांडी, मग अभ्यास. आई रविवारी जायची, लेकीच्या केसांना तेल लावायची आणि अंधार पडायच्या आत परतायची, कारण नाना खोळंबलेले असायचे. दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला वेळेवर कुशीवर वळवायचे म्हणून स्वतःचे पोर परक्या घरी वाढवायचे, असा हा सौदा. आणि आपण सगळे त्याला 'घरच्यासारखी बाई मिळाली' म्हणतो.

कॉलनीसमोर, रस्त्यापलीकडे, बसचा जुना डेपो बंद पडून होता. त्या जागेसाठी नगरपालिकेपुढे दोन प्रस्ताव आले होते. पहिला असा, की तिथे कमी भाड्याची छोटी घरे बांधायची आणि रस्ता आहे तेवढाच ठेवून त्याला नीट फुटपाथ आणि ओलांडायची जागा द्यायची. दुसरा असा, की रस्ता दुप्पट रुंद करायचा आणि डेपोची जागा त्यात घालायची. रस्ता रुंद झाला की घरे गेली.

सिस्टरचा जीव त्या घरांत अडकला होता. रस्ता ओलांडला की काम, परत ओलांडला की लेक. मुलगी रात्री मामीच्या फोनवरून एकच विचारायची, "आई, आपलं घर कुठवर आलं?" जणू ते चालतच यायचे होते.

"नाना, मिळेल का हो आम्हाला?" तिने उशी सारखी करत विचारले.

"नगरपालिकेचं काम आणि माझं मरण," नाना म्हणाले, "दोन्ही होणार हे नक्की. कधी ते विचारायचं नाही."

तेवढ्यात नानांचा मुलगा दारात आला. तो सोसायटीचा सेक्रेटरी. माणूस सरळ होता. पगार वेळेवर द्यायचा, कधी आवाज चढवायचा नाही. "बाई, आज दुपारी आमच्याबरोबर सभागृहात यायचंय. जनसुनावणी आहे. नानांजवळ शेजारचे काका बसतील."

कॉलनीची ही जुनी रीत होती. नगरपालिकेत सुनावणी असली की प्रत्येक घराने आपापली कामाची माणसे न्यायची. स्वयंपाकवाली, मुले सांभाळणारी, ड्रायव्हर, माळी, सगळे. खुर्च्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत ना! दारूच्या दुकानाच्या वेळी असेच झाले, मोबाइलच्या टॉवरच्या वेळीही. बसायचे, सांगितले की उभे राहायचे, मोजदाद झाली की चहा-बिस्किटे खाऊन परत कामाला लागायचे. कोणाला त्यात काही वावगे वाटले नव्हते. कामवाल्यांनाही नाही, तेवढेच दोन तास बूड टेकायला मिळत.

"कशाच्या विरोधात आहे, दादा?" तिला ठाऊक होते, तरी तिने विचारले.

"ते डेपोचं. हे बघा बाई, घरांना आमचा विरोध नाही. घरं व्हायलाच पाहिजेत. फक्त इथं नकोत."

"मग कुठं?"

"आता ते मी कसं सांगणार? कुठंतरी." त्याने घड्याळ बघितले.

सूनबाई ओट्यापाशी आपला डबा भरत होती. ती शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. परवाच सिस्टरने तिला विचारले होते, "वहिनी, डेपोपासून मुलींची शाळा जवळ पडेल का हो?" आणि तिने मोठ्या हौसेने शाळेचा रस्ता सांगितला होता. आता सिस्टरने तिच्याकडे पाहिले. सूनबाईने डब्याचे झाकण दाबून बसवले.

"जाऊन या हो," ती म्हणाली. "मीही येतेय अर्धी रजा टाकून. बसायचंच तर आहे."

सिस्टर गेली. का गेली असे विचारणाऱ्याने आधी सामानाच्या त्या खोलीत एक रात्र झोपून बघावे. नाही म्हटले तर नोकरी जाते आणि नोकरीबरोबर डोक्यावरचे छप्परही. अडला हरी म्हणतात ते काय वेगळे असते?

सभागृहात पंखे नुसते आवाज करत होते. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा एकेक फलक दिला होता: 'आमची वस्ती, आमचा निर्णय'. सिस्टरने तो मांडीवर पालथा ठेवला. व्यासपीठावर सभापती, शेजारी पेंगुळलेले सभासद. सकाळपासून गटारे, कचरा, पाणी असे विषय ऐकून ती माणसेही शिणली होती. एक सभासद उघड जांभई देत होता.

कॉलनीतर्फे सेक्रेटरी बोलला. चांगले बोलला. वाहतूक, पार्किंग, पाण्याचा दाब, घरांच्या किमती. शेवटी त्याने मागच्या रांगांकडे हात केला. "आम्ही गरिबांच्या विरोधात आहोत असं म्हणतात. ही पाहा आमच्या घरातली माणसं. घरच्यासारखीच आहेत. त्यांनाही ही घरं इथं नको आहेत. म्हणून तर ती आज आली आहेत."

हे मात्र सिस्टरला कोणी सांगितले नव्हते. खुर्ची भरायची एवढेच ठरले होते. तिच्या नावाने कोणी बोलेल हे नव्हते ठरले.  समोरच्या रांगेतली मुले सांभाळणारी पोरगी मान खाली घालून नखे कुरतडू लागली.

"घरांच्या प्रस्तावाला विरोध असणाऱ्यांनी उभे राहावे," सभापती म्हणाले. "मोजून घ्या."

खुर्च्या सरकल्या. अख्खी कॉलनी उठली. ड्रायव्हर उठले, माळी उठला, स्वयंपाकवाल्या उठल्या, फलक वर गेले. सूनबाईही उठली. त्या सगळ्या उभ्या पायांमध्ये सिस्टर एकटी बसून राहिली.

"बाई, उठा," सेक्रेटरी मागे येऊन हळूच म्हणाला.

"नाही उठत, दादा."

"तमाशा करू नका. एक मिनिटाचं काम आहे."

"एक मिनिटाचं असू दे की."

मोजणारा शिपाई घुटमळला. सभापतींनी मान उंच करून विचारले, "काय झालं? त्यांना बरं नाहीये का?"

"बरी आहे साहेब," ती बसूनच म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण व्यासपीठापर्यंत गेला. "दमलेय. दिवसभर उभीच असते मी, यांच्या घरी. सांगाल तिथं उभी राहते. पण ते घर माझ्या लेकीसाठी हवंय मला. तिच्या विरोधात नाही उभी राहता येत. पायच उठत नाहीत."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असल्या वेळी टाळ्या वाजत नसतात. ती मुले सांभाळणारी पोरगी मात्र हळूच खाली बसली. मग कोपऱ्यातला माळी बसला. बाकीचे उभेच राहिले. फक्त काहींचे फलक तोंडापर्यंत खाली आले होते. त्यांना दोष देऊ नये. पोट कोणाला सुटलेय?

सभासदांत कुजबुज झाली. जांभई देणारा जागा झाला. "हे विरोध करणारे नक्की कोण आहेत, ते आधी पाहायला हवं," असे कोणीतरी म्हणाले, आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. घरे मंजूर झाली नाहीत. रस्ताही झाला नाही.

संध्याकाळी सिस्टरची पिशवी दाराशी होती. सेक्रेटरीने पूर्ण महिन्याचा पगार दिला आणि "विश्वास राहिला नाही हो," एवढेच म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होते. तिने नानांना शेवटचे कुशीवर वळवले, लाल जागा सूनबाईला दाखवली. "इथं पावडर विसरू नका, वहिनी." मग मामीकडे फोन लावला.

"आई, घर आलं?" पलीकडून पोरगी.

"आलं नाही अजून. पण गेलंही नाही. मी येतेय, दार उघडं ठेव."

मामीच्या घरी आता एक तोंड आणखी वाढणार होते. सिस्टर ज्या जिन्याने कामवाल्या जात त्याच मागच्या जिन्याने उतरली आणि डेपोसमोरच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिली. बस यायला अवकाश होता.

घरात जेवणे झाली. नानांना सगळे कळले होते. घरातल्या कोणी नाही, शेजारच्या काकांनी सांगितले होते. सूनबाई औषध घेऊन आली तेव्हा त्यांनी तोंड मिटून घेतले.

"सगळे उभे राहिले म्हणे."

"हो, नाना."

"तू?"

सूनबाईने औषधाचा चमचा खाली ठेवला. मुलांना शिकवायची ती सगळी नागरिकांची कर्तव्ये तिला तोंडपाठ होती, एकही आठवेना.

"मीही उभी होते."

नानांनी डोळे मिटले. स्वतःहून कूस बदलण्याचीही ताकद त्या अंगात उरली नव्हती. "सूनबाई," ते म्हणाले, "मला जरा वळव. भिंतीकडे."

तिने त्यांच्या पाठीखाली हात घातला. तिला काही ते नीट जमले नाही, म्हातारा कण्हला. कसेबसे वळवून झाल्यावर ती तिथेच पलंगाच्या कडेला बसली.

"पुढची सभा कधी आहे?" नानांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारले.

"पुढच्या महिन्यात."

"जाशील?"

"जाईन. पण नाना, मी नाही उठणार आता."

 तिने पावडरचा डबा उघडला आणि सिस्टरने दाखवलेली लाल जागा शोधू लागली.